नगराभोवतालचे गायरान

शास्त्रपाठ : गणना ३५:१-८, लेवीय २५:३४, जखऱ्या ८:५



इस्राएल लोक मवाबाच्या मैदानात यार्देनेकाठी उतरले होते. नदी अजून ओलांडावयाची होती. पलीकडे त्यांच्या मालकीची एक वीटही नव्हती. अशा वेळी देवाने मोशेच्या द्वारे आज्ञा केली की, लेव्यांस राहावयास अठ्ठेचाळीस नगरे द्यावी, व प्रत्येक नगराभोवती त्यांच्या गुराढोरांकरिता गायरान सोडावे. तटापासून बाहेर चोहोकडे हजार हात, म्हणजे सुमारे साडेचारशे मीटर, असे मापही ठरवून दिले. नगरात घरे किती असावी हे येथे सांगितलेले नाही. मोकळ्या भूमीचे माप मात्र नदी ओलांडण्यापूर्वीच सांगितले. ह्यातून आपणांस तीन गोष्टी शिकावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट ही की, मोकळी जागा आधी राखावी लागते. घरे बांधून जी उरेल ती मोकळी ठेवू, असे जो म्हणतो त्याच्याजवळ शेवटी काही उरत नाही. घराला घर जोडीत दुसऱ्यास ठाव न ठेवणाऱ्यांविषयी यशयाने पाचव्या अध्यायात हळहळ केली आहे. मुंबईने हा धडा मोठे मोल देऊन घेतला. १८९६ साली तेथे प्लेग आला, आणि ज्या दाट चाळींत वारा व ऊन शिरत नव्हते, तेथे त्याने फार बळी घेतले. त्यानंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याकडे नवी वस्ती आखताना रस्ते व बागा नकाशातच राखिल्या. पारशी कॉलनीजवळच्या पाच बागा त्याची साक्ष आहेत. १९२५ साली महापालिकेने दादरास सुमारे २८ एकरांचे मैदान लोकांस खुले केले. तेच शिवाजी पार्क होय. आज तेथील भूमी सोन्याच्या मोलाची आहे, तरी मैदान उभे आहे. कारण ते आधी राखिले.

दुसरी गोष्ट ही की, राखलेली जागा विकावयाची नसते. लेव्याने आपले घर विकले तर ते सोडविता येत असे. परंतु गायरानाचे शेत विकूच नये, असा लेवीय २५ चा नियम आहे. जे सर्वांचे आहे ते विकण्याचा अधिकार कोणा एकास कोठून येणार? गावची गायराने व तळी बळकावणे बेकायदा आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली सांगितले. हा नियम मोडल्याचे फळ आपल्या शेजारीच दिसले. नालासोपारा पूर्वेस कचराभूमी व सांडपाणी शुद्धीकरण केंद्र ह्यांकरिता राखलेल्या भूमीवर ४१ इमारती उठल्या. न्यायालयाच्या आज्ञेने २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत त्या पाडण्यात आल्या, आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे उघड्यावर आली. ज्यांनी भूमी बळकावली ते एक, आणि ज्यांची जन्माची पुंजी बुडाली ते दुसरेच. पाप एकाचे व भोग दुसऱ्याचा, असे पुष्कळदा घडते.

तिसरी गोष्ट ही की, मोकळी जागा रिकामी नसते. तिचे वारस असतात. जखऱ्याने नव्या यरुशलेमेचे चित्र काढिले, त्यात चौकांत खेळणारी मुलेमुली आहेत व काठी टेकून बसलेली वृद्ध माणसे आहेत. तटाची उंची त्याने तेथे सांगितली नाही. आणखी एक वारस पाणी होय. फुलपाडा डोंगराच्या पायथ्याशी आहे. जवळच पापडखिंडीचे धरण आहे. डोंगरावरून येणारे पाणी आपली वाट सोडीत नाही. ओढा बुजविला तर ते घरात शिरते. २०१८ च्या जुलैत वसई-विरार कित्येक दिवस पाण्यात होते, हे कोण विसरला? वसईच्या पश्चिम पट्ट्यात आपल्या वाडवडिलांनी बावखले खणून पावसाच्या पाण्यास जागा करून दिली होती. ती बुजवून आपण त्या पाण्यास कोठे धाडणार?

आता हे आपल्या घरी लागू करू. फुलपाड्याच्या आसपास चाळी जाऊन इमारती येत आहेत. खेड्यांतील आपले पुष्कळ बंधू तेथे घर घेऊ पाहतात. त्यांनी जाणावे की, राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमांप्रमाणे सुमारे एक एकर वा अधिक जागेवर वस्ती आखली तर दहावा हिस्सा, म्हणजे एकरामागे चार गुंठे, खेळण्या-बसण्याकरिता मोकळा ठेवावा लागतो. गणना ३५ मध्येही ज्या वंशास वतन मोठे त्याने अधिक द्यावे व लहानाने थोडे द्यावे, असेच आहे. ह्यास्तव घर घेण्याआधी मंजूर नकाशा मागा. मोकळी जागा त्यात कोठे आहे ती पायांनी चालून पाहा. इमारत राखीव भूमीवर तर नाही ना, हे महापालिकेत विचारा. विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती मागवितात. त्या मुदतीत लेखी हरकत द्या. उपदेशकांनी अक्षरओळख नसलेल्यांबरोबर जावे. हीही सेवाच आहे.

आणि एक कठीण गोष्ट मंडळीस सांगणे प्राप्त आहे. नव्या वस्तीत प्रार्थनामंदिर हवे, आणि मुलांचे मैदान तर मोकळेच पडले आहे. तेथे चार पत्रे उभे केले तर कोण विचारतो, असा मोह होईल. देवाचे काम म्हणून तो पुण्याचा वेष घेईल. तेव्हा दावीद राजाची आठवण करा. अरवनाचे खळे त्यास फुकट मिळत होते, परंतु ज्यास आपले काही लागले नाही ते देवास अर्पावयास तो तयार झाला नाही. दाम मोजून त्याने ते घेतले. दुसऱ्याच्या लेकरांच्या खेळण्याची जागा घेऊन उभारलेल्या मंदिरात आपण कोणत्या तोंडाने प्रार्थना करावी? तोवर एखाद्याच्या ओसरीवर जमा. प्रेषितांच्या काळची मंडळी घरांतूनच वाढली.

पृथ्वी प्रभूची आहे. आपण तिच्यावर उपरे व पाहुणे आहोत. पाहुण्याने मागून येणाऱ्याकरिता जागा सोडावी, हे त्यास शोभते. प्रभू आपणांस घर देवो, आणि घराबाहेर आपल्या शेजाऱ्याकरिता मोकळी भूमी राखण्याची बुद्धीही देवो. आमेन.