आहुती कशाची?

अग्नीत पडलं की सगळं पवित्र होतं, हे यजमानच मला ऐकवतात. पूर्णाहुतीच्या नारळाला गुंडाळायचा खण हल्ली पॉलिएस्टरचा असतो. तो धड पेटत नाही. आकसतो, वितळतो आणि काळे थेंब कुंडात गळतात. सुती खण मागितला की उत्तर तयार: "गुरुजी, जळायचंच आहे, सुती काय नि रेशमी काय!"

बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेला माणूस पौरोहित्य करू लागला की अशी पंचाईत होते. खणाचं एक वेळ सोडा. होळीत टायर पडतात, रेक्झिन, वायरी पडतात. वायरीवर पीव्हीसी, आणि शुद्ध पीव्हीसीत वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन. कोंदट, धुमसत्या जाळात कार्बन पुरता जळत नाही. धूर निवता निवता २०० ते ४५० अंशांच्या टप्प्यात आला की काजळीच्या कणांवर कार्बन आणि क्लोरीन जुळून डायॉक्सिन तयार होतं. तांबं त्याला उत्प्रेरक, आणि वायरीत तेही आयतंच. वायरीत हे विष नव्हतं. ते जाळाने घडवलं.

मग अग्नी पावन करतो हे खोटं? मला तसं वाटत नाही. अग्नी हव्य वाहून नेणारा. द्याल ते नेईल. म्हणून तर समिधा कुठल्या झाडाची, किडकी नको, ओली नको, एवढे नियम. (लाकडाचा धूरही काही सोवळा नव्हे, हेही सांगून टाकतो.) आपण नियम गुंडाळून ठेवले आणि श्रद्धा तेवढी ठेवली, कारण ती सोयीची. कचरा जाळणाऱ्या भट्टीवाल्यांचा अग्नीवर असा भाबडा विश्वास नसतो: ८५० अंशांवर वायू किमान दोन सेकंद राहिला पाहिजे, मग झपाट्याने निववून गाळला पाहिजे.

"धूर काय, निघून जातो," एक यजमान म्हणाले. जातो कुठे? डायॉक्सिन गवतावर बसतं, गाईच्या पोटात जातं, चरबीत साठतं, दुधातून तुपात उतरतं. त्याच तुपाची मी आहुती देतो. माणसाच्या शरीरातलं निम्मं कमी व्हायला सात ते अकरा वर्षं लागतात. आईच्या दुधातून ते तान्ह्या बाळालाही मिळतं, आणि बाळाने काहीच जाळलेलं नसतं. ज्याचं कर्म त्याला फळ, असं मी प्रवचनात सांगतो. इथे ते बसवता येत नाही. पूर्वजन्माचा हवाला देऊन सुटका करून घेणं मला निलाजरेपणाचं वाटतं.

यंदा टायर दिसला तर होळीची पूजा सांगणार नाही, असं मंडळाला कळवलंय. दुसरे गुरुजी शोधताहेत, असं कानावर आलंय.