बटण चालतं म्हणजे काम झालं?

बसा. आधी लॅपटॉप मिटा, मी बोलत असताना स्क्रीनकडे बघायचं नाही.

"सर, बटण दाबलं की एक्सेल डाउनलोड होते, अजून काय पाहिजे?" हे मघाशी कोण म्हणालं? तूच ना? मग ऐक. मी दोन ब्राउझर उघडले. एकात बी.कॉम.च्या शिष्यवृत्तीची यादी मागवली, दुसऱ्यात बी.एस्सी.ची. दोन्हीकडे बी.एस्सी.चीच उतरली! कारण कोणाचीही यादी असो, तुम्ही ती सर्व्हरवर 'रिपोर्ट' या एकाच नावाने लिहिता. दुसऱ्याने बटण दाबलं की पहिल्याची फाईल गेली. बरं, ठेवलीय कुठे? अपलोड्स फोल्डरमध्ये, साऱ्या जगाला उघडी. मी लॉगआउट करून तीच लिंक टाकली, तरी यादी हातात आली. त्यात पोरांचे बँक खाते क्रमांक आहेत रे! २०२३ साली डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आला, तो काय फक्त मोठ्या कंपन्यांसाठी?

मुळात एवढ्याशा यादीसाठी सर्व्हरवर फाईल साठवायचीच कशाला? पीएचपी-स्प्रेडशीट थेट आउटपुटला लिहितं. योग्य कंटेंट-टाइप द्या, कंटेंट-डिस्पोझिशनमध्ये नाव द्या, फाईल पाठवा आणि तिथेच एक्झिट करा. यादी लाखांत गेली तर मात्र काम रांगेत टाका. फाईल खाजगी जागी ठेवा, प्रत्येक डाउनलोडला मागणारा कोण ते तपासा आणि मुदत संपली की पुसा. आणि हो, तुम्ही पीएचपी-स्प्रेडशीटऐवजी अजून जुनं पीएचपीएक्सेल वापरताय. ते २०१७ सालीच अधिकृतपणे मोडीत निघालंय. इंटरनेटवर सापडलं, चिकटवलं!

"आमच्याकडे उघडत होती सर, ऑफिसात उघडत नाही." ऑफिसातल्या बाईंनी एक्सेलला दोष दिला, तुम्हीही मान डोलावली. मी ती फाईल नोटपॅडमध्ये उघडली. एक्सएलएसएक्स म्हणजे झिप, तिची सुरुवात 'पीके' या दोन अक्षरांनी व्हायला हवी. तुमच्या फाईलच्या पहिल्या ओळीत काय होतं? 'वॉर्निंग: अनडिफाइन्ड व्हेरिएबल'! पीके त्याच्या खाली. म्हणजे पीएचपीने बोंब मारली, ती तुम्ही फाईलमध्येच भरून पाठवली. एक्सेल बिचारं काय करणार?

यावर तुम्ही उपाय काय शोधलात, तर एचटीएमएलचा टेबल घेतला आणि त्याला एक्सएलएस नाव दिलं. पिठाच्या डब्यावर 'साखर' लिहिल्याने चहा गोड होतो का? एक्सेल दर वेळी इशारा देतं, बाई दर वेळी 'येस' दाबतात. उद्या खरोखर घातक फाईल आली तरी त्या 'येस'च दाबतील. ही सवय तुम्ही लावलीत.

जुन्या एक्सएलएसचं आणखी ऐका. त्यात एका शीटवर ६५,५३६ ओळीच मावतात. २०२० साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत प्रयोगशाळांच्या सीएसव्ही फाईली एक्सएलएसच्या या जुन्या साच्यात ओतल्या जात होत्या. मर्यादा भरली आणि १५,८४१ करोनाबाधितांच्या नोंदी मागे राहिल्या. त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. तिथेही फाईल 'तयार होत' होतीच.

आता लॅपटॉप उघड, हा खाते क्रमांक बघ. सोळा अंकी. तुमच्या शीटवर 'ई+१५' उगवलाय. रुंदी वाढवून काय होतंय? एक्सेल पंधराच अंक धरतं, सोळाव्याच्या जागी शून्य बसलंय. या यादीवरून पैसे पाठवले तर ते पोराच्या खात्यात जातील का? बोल ना! खाते क्रमांक ही संख्या नाही, त्याची कोणी बेरीज करत नाही. तो मजकूर म्हणून लिहायचा. त्यासाठी 'सेट सेल व्हॅल्यू एक्सप्लिसिट' आहे, प्रकार स्ट्रिंग. नाव-पत्त्यालाही तेच वापरा. एखाद्या दीडशहाण्याने पत्त्याच्या रकान्यात बरोबरच्या चिन्हापासून सुरू होणारं सूत्र टाकलं, तर तुमचा कोड ते जसंच्या तसं सूत्र म्हणून शीटमध्ये उतरवतो.

प्रोजेक्टच्या वहीवर सही आज मिळणार नाही. आधी अपलोड्समधल्या साऱ्या फाईली पुसा, आत्ता, माझ्यासमोर. सोमवारी दोघांनी दोन मशीनवरून एकाच वेळी बटण दाबून दाखवायचं, आणि मी लॉगआउट करून लिंक टाकणार आहे.