शुभेच्छापत्र आणि विचारपूस

दिवाळी तोंडावर आली की गावोगावच्या शाळांतून एक उपक्रम चालतो. मुले जाड कागदाला मधोमध घडी घालतात, वर पणती, आकाशकंदील नाहीतर तिरंगा काढतात आणि आत सीमेवरील जवानास दोन ओळी लिहितात. २०१६ सालच्या दिवाळीत तर खुद्द पंतप्रधानांनी देशवासीयांना असे संदेश धाडण्याचे आवाहन केले होते. शाळांतील रीत मात्र त्याहून जुनी आहे.

गेल्या वर्षी कीर्तनसेवेसाठी एका गावी गेलो असता तेथील गुरुजींनी आम्हांला हौसेने शाळेत नेले. चाळीस पत्रे मांडलेली होती; मजकूर सर्वांत एकच, फळ्यावर लिहून दिलेला. "शूर जवानांनो, तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत." एका मुलीने मात्र खाली आपल्या मनाने लिहिले होते, "काका, तिकडे रात्री भीती वाटते का? मला वाटते." गुरुजी म्हणाले, "महाराज, हे खोडायला सांगू ना? जवानाला भीतीचं कशाला विचारायचं?" आम्ही मान डोलावली. मुलीने ओळ खोडली. ती खोडलेली ओळ वर्षभर आमच्या मनातून जात नाही, म्हणून हा लेख.

सज्जनहो, या पत्राचे मोल कशात आहे? कोणी म्हणतील, आता जवानाच्या खिशात मोबाइल आहे, कागदाची मातब्बरी काय? त्यांनी सियाचीनचा विचार करावा. १३ एप्रिल १९८४ पासून आपले सैन्य त्या हिमनदीवर ठाण मांडून आहे. कित्येक चौक्या १८,००० फुटांहून उंच. हिवाळ्यात पारा शून्याखाली ५० अंशांपर्यंत उतरतो. श्वास पुरत नाही, अन्न जात नाही, झोप लागत नाही. घरच्या पत्रावरही नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि 'द्वारा ५६ एपीओ' एवढाच पत्ता. लेक नेमका कोठे आहे हे आईला पाकिटावरून कळत नाही. मुलांच्या पत्रावर तर नावही नसते. लिहिणारा कोणाला लिहितो हे जाणत नाही. वाचणारा लिहिणाऱ्याला ओळखत नाही.

मग याला दान म्हणावे काय? गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगितले आहे. ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही त्याला, देणे आपले कर्तव्य म्हणून दिलेले, ते सात्त्विक. या कसोटीवर हे दान ठरत नाही, कारण जवानाने आपल्याला आधीच देऊन ठेवले आहे. तर मग ऋणफेड? तीही नव्हे. बर्फावरची एक रात्र दोन ओळींनी कोण फेडणार?

आमच्या मते ती विचारपूस आहे. वारीच्या वाटेवर कोणाचे पाय सुजले की शेजारचा विचारतो, "माउली, लई दुखतंय का हो?" त्या शब्दाने सूज उतरत नाही, पण चालणाऱ्याला वाटते, आपले दुखणे कोणाला तरी कळले. फळ्यावरची ओळ स्तुती होती. मुलीने विचारपूस केली आणि आम्ही शास्त्र शिकलेल्यांनी ती पुसायला लावली!

स्तुतीत एक सोय असते. जवानाला शूर म्हटले की त्याला थंडी वाजत नाही, घर आठवत नाही, भीती शिवत नाही असे आपण धरून चालतो. आणि ज्याला काही दुखत नाही, त्याच्यासाठी आपल्याला काही करावे लागत नाही. मुलांना रणगाडा आणि रक्त काढायला सांगण्यातही हीच चूक आहे. लढणे हे जवानाचे कर्तव्य आहे आणि तो ते करील. बालमनात द्वेष पेरून त्याचे काम हलके होत नाही.

त्याच रात्री कीर्तन आटोपल्यावर एक म्हातारबुवा पायांवर डोके ठेवायला आले. त्यांचा मुलगा फौजेत. म्हणाले, "बुवा, पोरं पत्रं धाडतात, ऐकून बरं वाटतं. पण श्रावणात म्हातारी तापानं फणफणली, तालुक्याला न्यायला कुणाची गाडी मिळाली नाही." त्यांचे घर शाळेपासून चौथे. चाळीस पत्रे हिमालयात गेली, आणि चार घरांवर कोणी गेले नाही! ही एका गावाची गोष्ट नव्हे. साताऱ्याकडे अपशिंग्याला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात, इतके तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या फौजेत आहेत. अशी घरे थोडीफार आपल्या प्रत्येकाच्या पंचक्रोशीत आहेत. जवानाच्या काळजाचा अर्धा घोर सीमेवर नसतो, तो या घरी असतो. तो हलका करणे आपल्या हातात आहे.

म्हणून पत्रे बंद करा असे आमचे म्हणणे नाही. मुलांनी जरूर लिहावे. पण फळा कोरा ठेवावा आणि मुलाच्या मनात येईल ते लिहू द्यावे. आम्ही त्या गुरुजींना कळवले आहे की चूक आमची होती. या दिवाळीत त्या मुलीला ती ओळ पुन्हा लिहू द्या. आणि पत्रे टपालात टाकायला मुलांना घेऊन निघाल तेव्हा चौथ्या घरी थांबा. म्हातारीची तब्येत विचारा, काही आणायचे आहे का विचारा, आणि मग पुढे जा.