ओळ, वस्तू आणि नियम

ग्रंथालयाच्या तक्त्यात एका ओळीत ‘ज्ञानेश्वरी’ असे लिहिलेले असते. ही ओळ नेमकी कशाबद्दल बोलते? शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या कृतीबद्दल, एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेल्या पाठाबद्दल, की कपाटातल्या प्रतीबद्दल? तक्ता गप्प राहतो. उत्तर वाचणाऱ्याच्या मनात असते. ही माहिती वेबवर अर्थासह जोडायची, तर ते उत्तर लिहावेच लागते. वेबची मानके ठरवणाऱ्या ‘डब्ल्यूथ्रीसी’ या संस्थेने २०१२ मध्ये प्रमाणित केलेली ‘आरटूआरएमएल’ ही भाषा त्यासाठीच आहे. कोणत्या ओळीतून कोणती वस्तू आणि कोणत्या रकान्यातून कोणता संबंध निघतो, एवढेच तिच्यात सांगायचे. ते कसे घडवायचे हे यंत्राने पाहायचे. माझ्या मते असा प्रत्येक नियम म्हणजे जगात काय आहे याविषयीचे विधान असते. वैशेषिक दर्शनाने द्रव्य, गुण, कर्म हे पदार्थ, म्हणजे अस्तित्वाचे मूळ प्रकार, मांडले, ते ‘जगात काय आहे’ याच प्रश्नाच्या उत्तरादाखल.

कोणी म्हणेल, ही केवळ तांत्रिक सोय आहे. पण दोन नोंदी एकाच वस्तूच्या आहेत असे जाहीर केले, की एकीबद्दलचे प्रत्येक विधान दुसरीलाही लागू होते. कृती आणि प्रत एकच मानली, तर प्रत फाटताच कृतीही फाटली असा निष्कर्ष यंत्र काढील. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नागाच्या मते सामान्य, म्हणजे अनेक वस्तूंना एका वर्गात आणणारा समान धर्म, ही बुद्धीची कल्पना आहे, वस्तू नव्हे; मग कोणतीही वर्गवारी खरी कशी? हे मान्य केले तरी नियम उघड लिहिण्याची गरज वाढतेच. मनात दडलेल्या कल्पनेशी वाद घालता येत नाही; लिहिलेल्या नियमासमोर पूर्वपक्ष उभा करता येतो आणि नियम सुधारताही येतो.