वज्जींची सभा, आसियानची सभा

मगधाचा राजा अजातशत्रू याला वज्जी या गणराज्यांच्या संघावर चढाई करायची होती. अंदाज घ्यायला त्याने महामंत्री वस्सकाराला गौतम बुद्धांकडे धाडले. बुद्धांनी त्याला थेट उत्तर दिलेच नाही. त्याच्या देखत आपला शिष्य आनंद याला सात प्रश्न विचारले. वज्जी वरचेवर सभा भरवतात ना? एकोप्याने बसतात, एकोप्याने उठतात ना? हे सारे पाळले जाते तोवर वज्जींना ऱ्हासाचे भय नाही, असे ‘महापरिनिब्बान सुत्त’ सांगते.

हीच कसोटी आजच्या आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेला लावली, तर या पहिल्या दोन प्रश्नांत तिला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. ८ ऑगस्ट १९६७ रोजी बँकॉकमध्ये ती स्थापन करणाऱ्या पाच देशांपैकी इंडोनेशिया आणि मलेशिया वर्षभरापूर्वीपर्यंत एकमेकांशी लढत होते. त्याच बँकॉकमध्ये मुख्यालय असलेली सिएटो ही लष्करी आघाडी १९७७ मध्ये गुंडाळली गेली. सतत बैठका घेणारी, मतदान टाळणारी आणि शेजाऱ्याच्या घरात न डोकावणारी आसियान मात्र टिकली.

घोडे अडते ते पाचव्या प्रश्नापाशी. कुळातल्या स्त्रियांना, मुलींना वज्जी बळजबरीने पळवत नाहीत ना? राज्यसंघाच्या ताकदीचा हिशेब मांडताना बुद्ध हे विचारतात! म्हणजे एकोपा पुरेसा नाही. त्याच्या छायेत दुबळ्यांचे काय होते, हेही बघायचे.

२०१७ मध्ये आसियानचा सदस्य असलेल्या म्यानमारच्या लष्कराच्या कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. स्त्रियांवरील अत्याचारांची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने केली; त्याचे अध्यक्ष मार्झुकी दारुस्मान इंडोनेशियाचेच. म्यानमारमधील २०२१ च्या लष्करी बंडानंतर आसियानने जाकार्तात पाच कलमी सहमती घडवली. ती धाब्यावर बसवणारे म्यानमारचे तेव्हाचे लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंग यांना त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या शिखर परिषदेचे आमंत्रण मिळाले नाही. आसियानच्या मानाने ही जबर शिक्षाच.

हस्तक्षेप न करण्यामागेही नीती आहे. परक्यांच्या ‘मदती’ची किंमत व्हिएतनाम आणि कंबोडियाला कुणी शिकवायला नको. पण घरात मारहाण चालू असताना शेजाऱ्याने मिटलेले तोंड मारणाऱ्याच्याच पथ्यावर पडते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्व तिमोर आसियानचा अकरावा सदस्य झाला. १९७५ ते १९९९ या इंडोनेशियाच्या ताब्यातल्या काळात त्याचे हाल ही आसियानच्या लेखी इंडोनेशियाची अंतर्गत बाब होती. २०२३ मध्ये पूर्व तिमोरने म्यानमारच्या लष्करविरोधी समांतर सरकारशी भेटीगाठी केल्या, म्हणून लष्कराने त्याच्या दूतावासाच्या प्रमुखाला देशाबाहेर काढले. आसियानच्या सहमतीला आता या तिमोरचाही होकार लागतो.