शब्द दिल्यानंतर

माणसाने दिलेला शब्द त्याला कोणत्या क्षणापासून बांधतो? तो उच्चारल्यापासून, की कागदावर सही झाल्यापासून? सेमिनरीतील नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही या प्रश्नाचा पुष्कळ ऊहापोह केला होता. गेल्या वर्षी इंग्लंडमधील एका घरी, रात्रीच्या जेवणानंतर, तोच प्रश्न पुन्हा माझ्यासमोर उभा राहिला.

हिचिन हे हर्टफर्डशर परगण्यातील जुने बाजाराचे गाव. हिझ नावाच्या लहानशा नदीच्या काठी तेथे संत मरियेचे मध्ययुगीन चर्च आहे. 1850 साली गावात रेल्वे आली. आज सकाळच्या गाडीने निघालेला चाकरमान्या अर्ध्या-पाऊण तासात लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर उतरतो. पगार लंडनचा आणि शांतता गावाची, असे दोन्ही मिळत असल्याने येथील घरांना मोठी मागणी असते. 1997 साली इंग्लंडमध्ये सर्वसाधारण घराची किंमत नोकरदाराच्या वार्षिक मिळकतीच्या सुमारे साडेतीन पट होती. 2021 साली ती सुमारे नऊ पट झाली. घर हा तेथील तरुणांच्या आयुष्यातील सर्वांत जड प्रश्न झाला आहे.

मी उतरलो होतो ते कुटुंब मूळचे वसईचे. आपले घर त्यांनी विक्रीला काढले होते. एका तरुण जोडप्याचा देकार त्यांनी स्वीकारला होता. पाच आठवडे उलटले. जोडप्याने घराची तपासणी करवून घेतली, वकील नेमला, कर्जाचा अर्ज केला. तेवढ्यात दुसरा ग्राहक पंधरा हजार पौंड अधिक देण्यास पुढे आला. विक्रेत्याने लेखी मनाई केली नसेल, तर प्रत्येक नवा देकार त्याला कळविण्याचे एजंटावर कायदेशीर बंधन असते. त्याप्रमाणे एजंटाने तो कळविला.

"फादर, कायद्याने आम्ही मोकळे आहोत," गृहस्थ म्हणाले. "मुलीचे विद्यापीठाचे शिक्षण पुढे आहे. हे पैसे घेतले तर ते पाप होईल का?"

कायद्यापुरते त्यांचे म्हणणे खरे होते. आपल्याकडे इसार देऊन पावती केली की सौद्याला काही वजन येते. इंग्लंडमध्ये देकार स्वीकारला जातो तो करार होईपर्यंतच्या अटीवर. 1989 च्या कायद्यानुसार जमीन-घराचा करार लेखी असावा लागतो आणि त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या लागतात. कराराच्या प्रतींची अदलाबदल होते, ग्राहक सामान्यतः दहा टक्के रक्कम भरतो आणि तेव्हाच दोघे बांधले जातात. तोवर कोणीही माघार घेऊ शकतो. चढ्या किमतीसाठी पहिल्या ग्राहकाला असे सोडून देण्यास तेथे गझम्पिंग म्हणतात.

मग यावर एक आक्षेप निघतो. ही मोकळीक दोघांनाही ठाऊक असते. तर मग येथे शब्द दिला गेला असे तरी का मानावे? आक्षेप क्षुल्लक नाही. परंतु ही मोकळीक कशासाठी ठेवली आहे, हे पाहावे लागते. मालकीहक्क निर्वेध आहे का, भिंतींना दोष आहे का, कर्ज मिळते का, हे तपासण्यासाठी ती आहे. ती अधिक पैशांची वाट पाहण्यासाठी वापरली, तर पहिल्या ग्राहकाच्या विश्वासाचा आपण लिलाव मांडतो. त्याने आपल्या होकारावर विसंबून केलेला खर्च त्याला कोणी परत देत नाही.

संत थॉमस अक्वायनस याबाबत कठोर नाहीत. वचन मुळात अनीतीचे असेल किंवा परिस्थिती पालटली असेल, तर वचनभंग क्षम्य ठरतो, असे ते म्हणतात. करिंथला जाण्याचा बेत संत पौलालाही बदलावा लागला होता, याची ते आठवण देतात. घरातला कमावता माणूस आजारी पडला किंवा नोकरी सुटली, तर पहिल्या ग्राहकाकडे जाऊन आपली अडचण मोकळेपणी सांगावी. परंतु कोणी अधिक पैसे देऊ केले, एवढ्याने आपली परिस्थिती पालटत नाही. पालटतो तो केवळ मोह. देवाच्या पवित्र डोंगरावर कोण वस्ती करील, असे पंधराव्या स्तोत्राचा कर्ता विचारतो. त्याच्या उत्तरात, स्वतःचे नुकसान झाले तरी शब्द न फिरविणारा माणूसही आहे.

हे सारे मी त्यांना सांगितले; निर्णय त्यांच्या विवेकबुद्धीवर सोपविला. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ती मुलगी पडद्यांची मापे घेऊन गेली आहे हो, फादर." दुसऱ्या दिवशी त्यांनी एजंटाला यापुढे नवे देकार कळवू नका, असे लिहून दिले. पंधरा हजार पौंड ही त्यांच्यासाठी लहान रक्कम नव्हती. मुलीसाठी कर्ज काढावे लागणार, हे त्यांना ठाऊक होते.

वसईतही आता जमिनीचा भाव वर्षागणिक चढतो. सकाळी एकाला होकार द्यावा आणि सायंकाळी दुसऱ्याने अधिक सांगावे, असे प्रसंग आपल्या धर्मग्रामांतही येतात. इसाराची पावती झालेली नसली, तरी सकाळी दिलेला होकार प्रभूने ऐकलेला असतो.