मागच्या चाकाचा वेग

लंडन ते ब्रायटन ही हृदयरोग संशोधनासाठी निधी उभारणारी सायकलफेरी सुमारे ८७ किलोमीटरची. खरा कस लागतो तो शेवटी, डिचलिंग बीकनच्या चढावर; पाय भरून आलेले कित्येकजण तिथे उतरून सायकल ढकलत चालतात. म्हणूनच बापलेक अशा फेरीची तयारी करतात, तेव्हा वेग मागे पडणाऱ्याच्या दमाने ठरावा. कोणी म्हणेल, एवढा घाम गाळण्यापेक्षा थेट देणगी द्यावी. जरूर द्यावी, पण पैसे दिले की आपण मोकळे होतो. रोज पहाटे चाकांत हवा भरताना, साखळीला तेल देताना मात्र ज्यांच्यासाठी निघायचं ती आजारी माणसं आठवत राहतात. आणि सोबत्यासाठी थांबायची सवय लागते, तीच पुढे घरातल्या आजारपणातही कामी येते. थांबता येणं हीसुद्धा सेवाच आहे.